प्रश्नाचा सूर

प्रश्न विचारतांना आवाज चढतो व विधान करतांना तो उतरतो, ही समजूत आपल्या सुशिक्षित वर्गांत इतकी दृढ झाली आहे कीं तिच्यासाठीं पुरावा मागावा असें कोणाच्या मनांतही येत नाहीं. शाळेंत इंग्रजी वाचन शिकवितांना प्रश्नचिन्ह दिसतांच स्वर वर न्यावा असा दंडक घालून दिलेला असतो. आणि पुढें आयुष्यभर आपण त्या वांकड्या चिन्हाला चढत्या स्वराचें चित्र समजून चालतों. ह्या समजुतीच्या मागें थोडें शास्त्रही आहे. लिलियस आर्मस्ट्राँग व आयडा वॉर्ड ह्या दोन विदुषींनीं १९२६ सालीं इंग्रजी स्वरोच्चारावर जें लहानसें पाठ्यपुस्तक लिहिलें, त्यांत 'होय' किंवा 'नाहीं' एवढेंच उत्तर मागणारे प्रश्न चढत्या चालीचे, व 'कोण', 'कोठें', 'केव्हां' अशा शब्दांनीं सुरू होणारे प्रश्न उतरत्या चालीचे, अशी सरळ वांटणी केलेली आहे. परकीय विद्यार्थ्यांस ती सोयीची असल्यामुळें पिढ्यानपिढ्या गिरविली गेली. परंतु १९६४ सालीं चार्ल्स फ्रीझ ह्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञानें दूरचित्रवाणीवरील एका प्रश्नोत्तरांच्या खेळांतले दोन हजारांहून अधिक प्रश्न ऐकून मोजले, तेव्हां 'होय-नाहीं' प्रश्नांपैकीं निम्म्याहून जास्त उतरत्या स्वरांतच विचारले गेल्याचें त्याला आढळून आलें. म्हणजे ज्या भाषेच्या आधारावर हा नियम उभा केला, त्या भाषेच्या तोंडींच तो निम्म्याहून अधिक वेळां मोडतो!

मग प्रश्नाचा म्हणून कांहीं सूर असतो कीं नाहीं? असल्यास तो प्रश्नत्वाचा सूर असतो, कीं विचारणाराच्या मनोवृत्तीचा? ह्या प्रश्नाचा विचार इंग्रजीच्या आधारें करण्यापेक्षां एखाद्या अगदीं वेगळ्या घडणीच्या भाषेच्या आधारें करणें मला अधिक फलदायी वाटतें. आणि अशी भाषा म्हणून बाल्टिक समुद्राच्या कांठच्या एस्टोनियनकडे मी वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. ही भाषा मातृभाषा म्हणून बोलणारे लोक सुमारें अकरा लक्ष, म्हणजे आपल्याकडील एखाद्या मध्यम शहराएवढे. भाषा आर्यकुळांतली नव्हे. फिनिश ही तिची सख्खी बहीण व हंगेरियन ही दूरची नातलग. परंतु १६३२ सालीं स्थापन झालेलें टार्टूचें विद्यापीठ तिच्या पाठीशीं आहे, आणि स्वर, मात्रा व लय ह्यांचा जितका बारीक अभ्यास ह्या छोट्या भाषेच्या वांट्याला आला आहे, तितका कित्येक कोट्यवधींच्या भाषांच्याही वांट्याला आलेला नाहीं. (पुढील एस्टोनियन शब्द कानाला जवळचे पडतील अशा बेतानें नागरींत उतरविले आहेत, तंतोतंत उच्चार त्यांवरून मिळेल अशी अपेक्षा कोणीं करूं नये.)

एस्टोनियनमध्यें 'होय-नाहीं' प्रश्नाची राजमान्य खूण म्हणजे वाक्यारंभींचा 'कस' हा शब्द. 'सा तुलेद' म्हणजे 'तूं येतोस'. 'कस सा तुलेद?' म्हणजे 'तूं येतोस का?' संस्कृतांत वाक्यारंभीं 'अपि' घालून प्रश्न करतात किंवा हिंदींत आरंभीं 'क्या' येतो, त्याच जातीचा हा प्रकार आहे. आतां एस्टोनियन माणूस हें वाक्य उच्चारतो तेव्हां त्याचा स्वर सामान्यतः चढत नाहीं. वाक्यांतील महत्त्वाच्या शब्दाच्या आघातयुक्त अक्षरावर, आणि ह्या भाषेंत आघात बहुधा पहिल्याच अक्षरावर असतो, आवाज वर असतो व तेथून खालीं येतो. आणि शेवट विधानासारखाच खालच्या पट्टींत होतो. 'कुहु सा लॅहेद?' म्हणजे 'तूं कोठें जातोस?' ह्या प्रश्नाचीही तीच गत. एवा लीना आसु ह्या विदुषीनें २००४ सालीं केंब्रिज विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधांत ह्या भाषेच्या स्वररचनेची जी व्यवस्था लावून दिली, तिच्यांतही हा वरून खालीं येणारा आघातच सर्वांत अधिक वापरला जाणारा ठरला आहे.

इंग्रजी वळणाच्या कानाला असा प्रश्न ऐकतांना काय वाटत असेल ह्याची कल्पना करणें कठीण नाहीं. विचारणाराला उत्तराची फारशी उत्कंठा नाहीं, किंवा तो आपली उलटतपासणी करीत आहे, असें त्या कानाला वाटतें. एस्टोनियन लोकांचा मितभाषी व थंड म्हणून जो लौकिक आहे, त्यांत त्यांच्या स्वभावाचा भाग किती व ऐकणाराच्या कानाचा भाग किती, हें तपासून पाहण्यासारखें आहे. एका भाषेंतील सौजन्याचा सूर दुसरीच्या मापानें मोजला म्हणजे सबंध लोकसमूहावरच उद्धटपणाचा ठपका येतो. आणि असे ठपके व्याकरणाच्या चुकांहून अधिक काळ टिकतात. व्याकरण चुकलेल्या परकीयाला आपण परकीय समजतों. सूर चुकलेल्याला मात्र आपण असभ्य समजतों.

स्वर उतरतो ह्याचें कारण उघड आहे, असें पहिल्या दृष्टिक्षेपांत वाटतें. प्रश्न आहे हें 'कस' ह्या शब्दानें आधींच सांगून टाकलेलें असतें. मग तेंच काम गळ्यानें पुन्हां कशाला करावें? फिनिश भाषेकडे पाहिल्यास हाच अनुभव येतो. तेथें क्रियापदाला 'को' किंवा 'कॉ' अशा धर्तीचा प्रत्यय लागतो आणि वाक्य निमूटपणें उतरतें. उलट हंगेरियनमध्यें साध्या 'होय-नाहीं' प्रश्नाला असा शब्द बहुधा नसतो; म्हणून तेथें उपांत्य अक्षरावर स्वर एकदम वर जातो व शेवटच्या अक्षरावर खालीं कोसळतो. एकाच कुळांतल्या ह्या तीन भाषा. पण प्रश्नाचें ओझें दोघींनीं शब्दावर टाकलें व एकीनें गळ्यावर घेतलें.

परंतु 'कस' ही एस्टोनियनमधील एकमेव खूण नव्हे, आणि दुसरी खूण पहिलीपेक्षां मनोरंजक आहे. ती म्हणजे वाक्याच्या शेवटीं येणारा 'वइ' हा शब्द. ह्यांतील स्वर आपल्या ऱ्हस्व अकाराच्या बराच जवळचा आहे. 'वइ'चा मूळ अर्थ 'किंवा'. 'तहद तेद वइ कोह्वी?' म्हणजे 'चहा हवा कीं कॉफी?' ह्या वाक्याचा उत्तरार्ध बोलणारानें गिळून टाकला, समोरच्यानें तो मनांतल्या मनांत पुरा करून घेतला, आणि असें वारंवार होतां होतां तो लोंबकळणारा 'वइ' स्वतःच प्रश्नाची खूण होऊन बसला: 'तहद कोह्वी वइ?', म्हणजे 'कॉफी हवी का?' लीना लिन्डस्ट्रॉम ह्या संशोधिकेनें २००१ सालीं एका निबंधांत ह्या स्थित्यंतराचा विचार केला आहे. रोजच्या बोलण्यांत हा 'वइ' आणखी झिजून 'वॅ' असाही होतो. शिष्ट लेखनांत त्याला अर्थातच मज्जाव आहे.

मराठी वाचकाला येथें आपल्या 'कीं'ची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. 'चहा घेणार कीं कॉफी?' ह्यांतला 'कीं' आणि 'वइ' ह्यांचें काम एकच. आपणही ह्या वाक्याचा उत्तरार्ध गाळतों. परंतु आपल्याकडे वाक्याच्या शेवटीं उरलेल्या 'कीं'चें नशीब अगदीं उलट निघालें. 'येतों कीं!', 'घेईन कीं!' ह्यांत प्रश्न कोठेंच नाहीं. उलट 'ह्यांत विचारायचें काय आहे?' असा ठासून होकार आहे. एकाच अर्थाचा, एकाच जागीं उरलेला अवशेष एका भाषेंत संशय झाला व दुसरींत निश्चय. ह्यावरून इतकें तरी दिसतें कीं, वाक्य अर्धवट सोडण्याला स्वतःचा असा कांहीं नैसर्गिक अर्थ नाहीं. तें सोडतांना गळा काय करतो ह्यावर पुढचें सर्व अवलंबून असतें. लिपींत 'येतों कीं' एवढेंच उरतें, आणि गळ्यानें काय केलें हें वाचणारानें आपल्या अनुभवानें भरून घ्यावयाचें असतें.

आतां तिसरा प्रकार. 'सा तुलेद होम्मे?' म्हणजे 'तूं उद्यां येतोस?' ह्यांत 'कस' नाहीं, 'वइ' नाहीं, 'कोण-कोठें' ह्या जातीचा शब्दही नाहीं. अक्षरशः हें विधानच आहे. येथें गळ्यावांचून प्रश्नाला दुसरा आधारच उरत नाहीं. आणि अशाच ठिकाणीं एस्टोनियन माणसाच्या तोंडून चढता स्वर ऐकूं येतो. बोलणें अजून पुरें झालेलें नाहीं हें सुचवितांनाही तो येतो. म्हणजे चढता स्वर त्या भाषेला अपरिचित आहे असें नव्हे. तिनें तो राखून ठेवला आहे इतकेंच.

शिवाय चढ आणि उतार ह्या दोहोंच्या मधें पुष्कळ जागा आहे. बोलतांना श्वास सरत जातो तसतसा आवाजही हळूहळू खालीं सरकत जातो. प्रत्येक आघाताचें शिखर आधीच्या शिखराहून किंचित् ठेंगणें होतें. हा उतार किती तीव्र असावा हें मात्र बोलणाराच्या हातीं असतें. नीना थॉर्सन ह्या डॅनिश विदुषीनें, ज्या पुढें ग्रोनुम ह्या नांवानें प्रसिद्ध झाल्या, कोपनहेगनच्या डॅनिश बोलीविषयीं १९८० च्या सुमारास असें दाखवून दिलें कीं, विधानांत उतार सर्वांत तीव्र असतो, शब्दखूण असलेल्या प्रश्नांत तो मध्यम होतो, आणि कोणतीच खूण नसलेल्या प्रश्नांत जवळजवळ सपाट होतो. आसु ह्यांनीं २००२ सालीं हीच कसोटी एस्टोनियनमधील निरनिराळ्या जातींच्या प्रश्नांना लावली. डॅनिशइतकी रेखीव पायऱ्यांची उतरंड सर्वांच्या बोलण्यांत सारखी सांपडेल अशी अपेक्षा करणें चूक होईल. परंतु कल त्याच दिशेचा आहे. शब्दांनीं जितकें कमी सांगितलें असेल, तितका आवाज वर टिकवून धरला जातो.

ह्या मताला मी काटकसरीचें मत म्हणेन. शब्दानें देणें चुकतें केलें असेल तर गळ्यानें पुन्हां देऊं नये, आणि शब्द दिवाळखोर असेल तर गळ्यानें भरपाई करावी, असा हा व्यवहार आहे. मत सुटसुटीत आहे, त्याला प्रयोगाचा आधार आहे, आणि जेथवर तें जातें तेथवर तें खरेंही आहे. माझी तक्रार एवढीच कीं, तें फार लवकर थांबतें. गळा हा शब्दाचा केवळ जामीनदार आहे, त्याला स्वतःचें कांहीं म्हणणें नाहीं, असें तें गृहीत धरतें. प्रश्न विचारणारांच्या दुनियेंत थोडें आंत शिरलें कीं हें गृहीत टिकत नाहीं.

'केस सेदा लोएब?' हें एक वाक्य घेऊं. 'हें कोण वाचतो?' एवढाच त्याचा शब्दार्थ. मेजावर पडलेल्या वर्तमानपत्राकडे बोट दाखवून घरांतला माणूस हें विचारील, तेव्हां त्याला नांव हवें असतें. तेंच वाक्य एखादा टीकाकार नव्या कादंबरीविषयीं उच्चारील, तेव्हां त्याला नांव नको असतें. 'कोणी वाचीत नाहीं' असें त्याला म्हणावयाचें असतें. आणि ज्याला तें पुस्तक अपाठ्य वाटतें त्यानें आपल्या शेजारणीला तेंच तन्मयतेनें वाचतांना पाहिलें, तर तेंच वाक्य आश्चर्याचा उद्गार होईल. शब्द तेच, क्रम तोच, प्रश्नार्थक शब्दही तिन्ही ठिकाणीं हजर. काटकसरीच्या हिशेबानें गळ्याला तिन्ही ठिकाणीं सुट्टी असावयास हवी. परंतु ऐकणारा फसत नाहीं.

ह्या बाजूकडे अलीकडे लक्ष गेलें आहे ही समाधानाची गोष्ट होय. आसु, टॅलिन येथील हेएते साहकाइ व टार्टूचे पॅर्टेल लिप्पुस ह्या तिघांनीं २०२० पासून माहिती विचारणारा प्रश्न, केवळ अलंकारिक प्रश्न व आश्चर्याचा प्रश्न ह्यांची तुलना करणारे निबंध प्रसिद्ध केले आहेत. जर्मन, इंग्रजी व आइसलॅंडिक ह्या भाषांत ह्याच प्रकारची तपासणी झालेली आहे, आणि ह्या सर्वांत एक खूण पुनःपुन्हां आढळते: अलंकारिक प्रश्न सावकाश, लांबवून उच्चारला जातो. चढ-उताराच्या बाबतींत भाषाभाषांत फरक पडतो, पण ज्याचें उत्तर नको असतें तो प्रश्न विचारणारा घाईंत नसतो. आपल्या प्राचीनांना ह्यांत नवल वाटलें नसतें. पाणिनीनें अष्टाध्यायीच्या आठव्या अध्यायाच्या दुसऱ्या पादांत प्रश्न, विचार, प्रशंसा, दुरून मारलेली हांक अशा प्रसंगीं स्वर प्लुत करण्याविषयीं सूत्रें घातलीं आहेत, आणि त्या प्लुताचा स्वरही प्रसंगानुसार वेगळा सांगितला आहे. प्रश्नाची खूण उंचींत असते तशी ती लांबींतही असते, हें ह्या वैयाकरणाला ठाऊक होतें.

परंतु एस्टोनियन भाषेंत लांबविणें ही साधी गोष्ट नाहीं, आणि ह्या सबंध विषयांतला मला सर्वांत रसभरित वाटणारा भाग तो हाच. आपल्याकडे ऱ्हस्व व दीर्घ अशा दोन मात्रांवर काम भागतें. त्या भाषेंत तीन मात्रा आहेत. 'लिना' म्हणजे जवस व त्याचा धागा. 'लिन्ना' म्हणजे शहराचा. आणि तोच शब्द आणखी ताणून 'लिन्ऽना' असा उच्चारला म्हणजे शहरांत, शहराकडे. शेवटच्या दोन शब्दांचें लेखन अक्षरशः एकच आहे. भेद केवळ उच्चारांत. ह्या तीन मात्रांचा शास्त्रीय हिशेब इल्से लेहिस्ते ह्यांनीं मांडला. १९२२ सालीं टॅलिन येथें जन्मलेल्या ह्या बाई १९४४ सालीं युद्धाच्या वावटळींत देश सोडून जर्मनींत गेल्या, तेथून अमेरिकेंत. ओहायो येथील विद्यापीठांत त्यांनीं आयुष्य घालविलें व २०१० सालीं तेथेंच त्यांचा अंत झाला. मातृभूमींतून उखडल्या गेलेल्या ह्या विदुषीनें आपल्या मातृभाषेच्या उच्चारांतून जगाच्या ध्वनिशास्त्राला एक नवें दालन उघडून दिलें. त्यांनीं असें दाखविलें कीं, येथें एकट्या अक्षराची लांबी पाहून भागत नाहीं. पहिल्या व दुसऱ्या अक्षराचें प्रमाण पाहावें लागतें. पहिल्या मात्रेंत तें सुमारें दोनास तीन, दुसरींत तीनास दोन, व तिसरींत दोनास एक असें पडतें. आणि एवढ्यानेंही पुरें होत नाहीं. तिसऱ्या मात्रेंत आवाज पहिल्याच अक्षराच्या आरंभीं झपाट्यानें खालीं येतो. दुसरींत तो त्या अक्षराच्या शेवटापर्यंत वर राहतो. 'शहराचा' कीं 'शहरांत' हें ओळखण्यास हा उतारही लागतो.

म्हणजे ज्या स्वरानें व ज्या लांबीनें प्रश्नाची जात सांगावयाची, तीं दोन्ही साधनें शब्दाच्या पोटांत आधींच कामाला जुंपलेलीं आहेत. 'कस सा लॅहेद लिन्ऽना?', 'तूं शहरांत जातोस का?' ह्या वाक्याच्या शेवटच्या शब्दावर गळा मोकळेपणानें वर नेतां येत नाहीं. तेथें लवकर खालीं येणें हें शब्दाच्या अर्थाचेंच मागणें आहे. तसेंच अलंकारिक प्रश्न लांबवावयाचा तर सबंध वाक्य प्रमाणशीर लांबवावें लागतें. एकच अक्षर मनास येईल तसें ताणलें तर शब्दच बदलावयाचा! मराठी नट एका 'कायऽऽ?'वर सबंध प्रसंग उभा करतो. ती मोकळीक त्या रंगभूमीवरील नटाला इतक्या सहज मिळणारी नाहीं.

ह्यावरून एक तर्क मनांत येतो. एस्टोनियन प्रश्न उतरता असतो ह्याचें कारणच ही मात्राव्यवस्था नसेल ना? शब्दार्थ संभाळण्यासाठीं उतार हवा, म्हणून प्रश्नालाही उतार पत्करावा लागला? तर्क आकर्षक आहे. परंतु तो टिकत नाहीं. फिनिश भाषेंत तीन मात्रा नाहींत, दोनच आहेत. तरी तेथील प्रश्नही उतरताच आहे. तेव्हां मात्रांमुळें प्रश्नाच्या सुराला मर्यादा पडतात असें म्हणतां येईल, त्या सुराचा जन्म मात्रांतून झाला असें म्हणतां येणार नाहीं. ध्वनिशास्त्रांत सुंदर कारणें फार लवकर सुचतात, व शेजारची एक भाषा पाहिली कीं गळून पडतात.

ह्या संशोधनाच्या पद्धतीविषयींही दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. ह्यांतील पुष्कळसें काम वाचून घेतलेल्या किंवा ठरवून वदविलेल्या वाक्यांवर आधारलेलें आहे. ह्यांत सोय आहे हें मान्य. तेच शब्द, त्याच क्रमानें, अनेकांच्या तोंडून मिळाल्याशिवाय तुलना करावी कशी? परंतु कागदावरचा प्रश्न वाचणारा मनुष्य खरोखर कांहीं विचारीत नसतो. त्याला उत्तर नको असतें, समोर रागावणारें किंवा लाजणारें कोणी नसतें. शाळेंत शिकलेला वाचनाचा सूर तो काढतो, आणि आपण त्याला बोलण्याचा सूर समजून मोजतों. दुसऱ्या बाजूला टार्टू विद्यापीठांत प्रत्यक्ष संभाषणांचा मोठा संग्रह केलेला आहे, आणि त्याच्या आधारें कोणता प्रश्न कोणत्या प्रसंगीं येतो, 'कस' केव्हां व 'वइ' केव्हां, ह्याचा सूक्ष्म विचार झालेला आहे. उदाहरणार्थ, 'एगा सुल तिक्कु एइ ओले?', शब्दशः 'तुझ्यापाशीं काडी नाहीं ना?' ह्या नकाराच्या वेषांतल्या प्रश्नांत 'असल्यास दे' अशी विनवणी कशी दडलेली असते, हें संभाषणावांचून कळणार नाहीं. पण संभाषणाचा अभ्यासक शब्दांत रमतो व ध्वनीचा अभ्यासक आलेखांत. एकानें प्रसंग सांभाळला तर स्वर सुटतो, दुसऱ्यानें स्वर सांभाळला तर प्रसंग सुटतो. आश्चर्याच्या व अलंकारिक प्रश्नांच्या अभ्यासांत निदान प्रसंग मनांत उभा करून मग वाक्य बोलावयास लावतात; ही सुधारणा आहे, परंतु ती नाटकाच्या तालमीपर्यंतच पोंचते.

जुन्या व्याकरणांविषयीं तर बोलावयासच नको. फर्डिनांड योहान वीडेमान ह्यानें १८७५ सालीं ह्या भाषेचें जें भव्य व्याकरण जर्मनमध्यें रचलें, त्याची विद्वत्ता निर्विवाद आहे; परंतु त्या काळीं व्याकरणाचा सारा डोळा लेखनावर असे, आणि ज्याला अक्षर नाहीं त्याला प्रकरणही नाहीं. आमच्या व्याकरणकारांनींही ह्यापेक्षां निराळें केलें असें नाहीं.

हा सर्व खटाटोप केवळ विद्वानांच्या करमणुकीचा आहे, असें कोणास वाटल्यास त्यानें एस्टोनियांतील शाळांकडे पाहावें. त्या देशांतील लोकवस्तीपैकीं चतुर्थांशाहून अधिक लोकांची मातृभाषा रशियन आहे. आजवर त्यांच्या मुलांसाठीं रशियन माध्यमाच्या शाळा होत्या. २०२२ च्या अखेरीस झालेल्या कायद्यान्वयें २०२४ च्या शरद्ऋतूपासून पहिल्या व चौथ्या इयत्तेपासून आरंभ करून ह्या शाळा टप्प्याटप्प्यानें एस्टोनियन माध्यमाकडे नेल्या जात आहेत. ह्या धोरणाच्या राजकीय बाजूचा विचार येथें करावयाचा नाहीं. परंतु रशियन भाषेंतील 'होय-नाहीं' प्रश्न बहुधा शब्दखुणेवांचून, केवळ सुरानें होतो. येलेना ब्रिझगुनोव्हा ह्या विदुषीनें रशियन स्वररचनेचे जे साचे ठरवून दिले, त्यांतील तिसऱ्या सांच्याप्रमाणें ज्या शब्दाविषयीं प्रश्न असेल त्याच्या आघातयुक्त अक्षरावर आवाज एकदम उंच उडतो व नंतर खालीं येतो. रशियन मुलाला प्रश्न म्हणजे ही उडी. सहा-सात वर्षांचें तें मूल 'कस' हा शब्द एका दिवसांत शिकेल. पण शब्द मिळाला म्हणून उडी सुटणार नाहीं, आणि उडी राहिली तर 'लिन्ना' व 'लिन्ऽना' ह्यांतला उतार तिच्या आड येणार. उलट वर्गांत एस्टोनियन शिक्षिका खालच्या पट्टींत, संथपणें जें विचारील, तें त्या मुलाला प्रश्न न वाटतां निर्णय वाटण्याचा संभव आहे. मुलाची उडी शिक्षिकेला उर्मट वाटेल, तिचा उतार मुलाला कठोर वाटेल, आणि दोघांच्याही वहींत व्याकरणाची एकही चूक सांपडणार नाहीं.

परकीयांसाठीं व अल्पसंख्यांसाठीं लिहिलेल्या भाषेच्या पुस्तकांत चौदा विभक्तींची कोष्टकें पानेंच्या पानें असतात. त्या कोष्टकांची जागा कोणी कमी करावी असें मी म्हणत नाहीं. परंतु त्यांच्या शेजारीं एका पानावर 'सा तुलेद होम्मे?' ह्या वाक्याखालीं आवाज कोठें टिकवून धरावयाचा ह्याची एक रेघ, 'कस सा तुलेद?' खालीं तो कोठें सोडावयाचा ह्याची दुसरी, आणि 'केस सेदा लोएब?' हें एकच वाक्य तीन प्रसंगांत तीन वेळां खऱ्या माणसांच्या तोंडून ऐकविण्याची सोय, एवढें तरी असावयास काय हरकत आहे? टार्टू व टॅलिन येथील अभ्यासकांनीं वीस-पंचवीस वर्षांत जें मोजून ठेवलें आहे, त्यांतून असें एक पान आजच तयार करतां येईल.